दोनशे ग्रॅमचं वजन

इलेक्ट्रॉनिक काटा आला
तेव्हा जुनी वजनं भंगारात गेली, किलोच्या भावानं.
वजनांचंच वजन झालं, म्हणून मामंजी हसले.
एक मी मागं ठेवलं.
दोनशे ग्रॅमचं, कडा घासून गुळगुळीत,
गोळ्यांच्या बरण्यांमागं, फडक्यात गुंडाळून.

चाकूरच्या बसस्टँडासमोर आमचं दुकान.
अंगणवाडी सुटली की घामेजल्या मुठी वर येतात,
मुठीत दोन रुपये,
मुठीमागं नुसते डोळे.
"मामी, लाल गोळी."
"कितवीला हायस?"
"पहिलीला."
"म्हण बरं बाराखडी. क, का..."
पोरगं कि-की पर्यंत येतं आणि फुटाण्यांकडं बघतं.
मग गोळी फडक्यात.
वर वजन.
ठण्.
आणखी दोनदा, पिठी होईस्तोवर.
पुडी बांधून देते.
"फुटकी नको, अख्खी दे की!"
"अख्खी पहिलीत गेल्यावर."

लोक म्हणतात, बाई चक्रम आहे.
समोरचा अन्वर तर म्हणतो,
भाभी, धंदा करताय का मसाला कुटताय?
करू दे त्याला थट्टा.
त्यानं ती दुपार बघितली नाही.

प्रयागच्या आर्वीचं बोरन्हाण होतं.
दीड वर्षाची पोर, काळं झबलं,
हलव्याचा मुकुट सारखा डोळ्यावर यायचा.
डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे,
आणि रंगीत गोळ्या.
पोरांनी अंगणात झडप घातली, एकमेकांच्या अंगावर,
बायका हसत होत्या, कुणी ओवाळत होतं,
कुणी फोन धरला होता.
आर्वी पाटावर बसलेली,
तिनं पुढ्यातली एक उचलली.

रडली नाही.
खोकली नाही.
ताट पडलं तर आवाज होतो,
लेकरू गुदमरलं तर होत नाही.
हे मला तेव्हा कळलं.
मुकुट हलत होता, म्हणून मी बघितलं.
ओठ जांभळाच्या सालीसारखे झालेले.

"पाणी द्या!" कुणी ओरडलं.
"बोट घाला घशात!"
प्रयागनं बोट उचललंही होतं,
तेवढ्यात लातूर गाडीची कंडक्टरबाई,
सुटी होती म्हणून जेवायला आलेली, शकुंतला घोडके,
तिनं प्रयागचा हात झटकला.
"बोट नका घालू, आणखी आत जाईल!
एकशे आठला फोन लावा कुणीतरी!"
स्वतः बसली, पोर मांडीवर पालथी घेतली,
डोकं खाली,
आणि तळहाताच्या टाचेनं
दोन्ही फऱ्यांच्या मधोमध
एक.
दोन.
तिकीट फाडावं इतक्या शांतपणे.
तीन.
चार.

फरशीवर गोळी पडली.
लाल.
रंगसुद्धा उतरला नव्हता नीट.
मग आर्वी रडली,
आणि इतकं गोड रडणं
मी माझ्या पोटच्या पोरांचंही ऐकलं नाही.

गोळ्या माझ्याच दुकानातल्या.
आदल्या दिवशी मीच दिल्या होत्या मोजून.
दोनशे ग्रॅम.
ह्याच वजनानं.
वर दोन जास्तीच्या टाकल्या,
घरचं कार्य म्हणून.
त्यातलीच ती असेल का,
हे मी प्रयागला कधी बोलले नाही.

आता संक्रांतीला कुणी आलं की
मी चुरमुरे बांधते, बत्तासे बांधते,
पाटावर बसायच्या लेकरासाठी गोळ्या देत नाही,
शेंगदाणेही नाहीत.
गिऱ्हाईक अन्वरकडं जातं.
जाऊ दे.
आणि अन्वरला मी सांगून ठेवलंय,
ऐकतो का कुणास ठाऊक.

परवा आर्वी आली. दुसरीत आहे.
मी विचारायच्या आधीच
क पासून कः पर्यंत एका दमात म्हणाली,
हात कमरेवर.
"अख्खी."
माझा हात गेलाच होता फडक्याकडं.
मग बरणी उघडली.
"इथं बस. पायरीवर. पळायचं नाही,
हसायचं नाही, बोलायचं नाही."
"मग काय करायचं?"
"चोखायचं."

गोळी विरघळेपर्यंत
साखरेचं गिऱ्हाईक उभं होतं तसंच,
काट्यावर शून्य शून्य लुकलुकत होतं,
आणि मी तिच्या गळ्याकडं बघत होते.